अध्याहृत गृहीतके : आहार व चयापचय यांविषयीच्या युक्तिवादांचा एक पाठ

मराठी व्याकरण शिकलेल्या प्रत्येकाच्या कानावरून ‘अध्याहृत’ हा शब्द गेलेला असतो. ‘इकडे ये’ या वाक्यात कर्ता लिहिलेला नसतो. तरी तो ‘तू’ आहे, हे ऐकणाऱ्यास कळते. न उच्चारता धरून चाललेला तो कर्ता अध्याहृत होय. युक्तिवादातही असेच घडते. बोलणारा एक कारण सांगतो, एक निष्कर्ष सांगतो आणि या दोहोंना सांधणारे वाक्य मनातच ठेवतो. अध्याहृत कर्त्याने सहसा कुणाचे नुकसान होत नाही. अध्याहृत गृहीतकाने मात्र होऊ शकते. कारण जे वाक्य उच्चारलेच गेले नाही, ते तपासण्याचे कुणाला सुचत नाही.

या स्मरणिकेसाठी हा पाठ निवडताना आमच्यासमोर विद्यालयाचा विस्तारलेला परिवार होता. आमचे कित्येक माजी विद्यार्थी आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. कुणाला वजनाची चिंता आहे, कुणाला मधुमेहाची गोळी सुरू झाली आहे. पालकांपैकी बरेचजण शेतीत राबतात. फर्दापूरसारख्या गावातही आता आहाराचा सल्ला वैद्याच्या आधी मोबाइलवरून येतो. ‘दोनदाच जेवा’ असे एकजण सांगतो, ‘दर दोन तासांनी खा’ असे दुसरा सांगतो आणि दोघेही ‘विज्ञान असे म्हणते’ असा आधार देतात. यांत कोण बरोबर, हा निवाडा देणे हे शिक्षकांचे काम नव्हे; ते वैद्यांचे व संशोधकांचे आहे. परंतु ऐकलेला युक्तिवाद उलगडून कसा पाहावा, हे शिकवणे निश्चितच आमचे काम आहे.

१. देवदत्ताचे जेवण

आपल्याकडील जुन्या तर्कचर्चेत एक प्रसिद्ध उदाहरण आहे आणि योगायोगाने ते जेवणाविषयीच आहे. देवदत्त लठ्ठ आहे. तो दिवसा जेवत नाही. अर्थात तो रात्री जेवत असला पाहिजे. मीमांसकांनी अशा अनुमानाला ‘अर्थापत्ती’ म्हटले व ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानले. बौद्ध तर्कपंडित दिङ्नागाने मात्र प्रत्यक्ष व अनुमान ही दोनच प्रमाणे स्वीकारली. त्याच्या मार्गाने जाणाऱ्यांच्या दृष्टीने देवदत्ताचे उदाहरण हे शेवटी अनुमानच ठरते. आणि अनुमान म्हटले की त्यामागील व्याप्ती, म्हणजे ‘जिथे हे, तिथे ते’ हा सर्वसाधारण नियम, दाखवावा लागतो.

तो नियम कोणता? ‘जो लठ्ठ आहे तो खातोच.’ हे वाक्य उदाहरणात नाही; ते अध्याहृत आहे. त्याच्याही पोटात आणखी काही वाक्ये दडलेली आहेत. देवदत्ताचा लठ्ठपणा आजच्या जेवणावर टिकून आहे, पूर्वीच्या साठ्यावर नव्हे. त्याला दिसते ती स्थूलता आहे, आजाराने आलेली सूज नव्हे. ‘दिवसा जेवत नाही’ असे सांगणाऱ्याने देवदत्तावर दिवसभर नजर ठेवलेली आहे. यांपैकी एक जरी वाक्य खोटे निघाले, तरी ‘रात्री जेवतो’ हा निष्कर्ष डळमळतो. गृहीतक शोधणे म्हणजे काय, ते या एका उदाहरणात पाहता येते.

२. महाराष्ट्रातील एक वाद

आता आजच्या काळाकडे येऊ. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (निधन २००४) यांनी आपल्या व्याख्यानांतून दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार मांडला. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो महाराष्ट्रभर पोहोचवला. कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण आणि त्यासोबत ४५ मिनिटे चालणे, असे त्याचे स्वरूप आहे. दुसऱ्या बाजूस मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून थोडे थोडे, साधारण दर दोन तासांनी खाण्याचा पुरस्कार केला. २०१८-१९ च्या सुमारास ‘दीक्षित की दिवेकर’ हा प्रश्न मराठी घरांत, कार्यालयांत आणि लग्नाच्या पंगतींतही रंगला.

या दोघांनी आपापली भूमिका विस्ताराने मांडलेली आहे. आम्ही येथे तपासतो ती त्यांची ग्रंथबद्ध मांडणी नव्हे. तोंडातोंडी पसरताना तिचे जे दोन-तीन वाक्यांचे रूप उरते, ते तपासतो. सामान्य माणूस त्या छोट्या रूपावरूनच आपल्या ताटाचा निर्णय घेतो.

पहिला युक्तिवाद असा : ‘आपण खातो तेव्हा इन्सुलिन स्रवते. इन्सुलिन असते तेव्हा शरीर चरबी साठवते. म्हणून जितक्या कमी वेळा खाऊ, तितके वजन कमी होईल.’

दुसरा असा : ‘खाल्लेले पचवण्यासाठी शरीराला ऊर्जा खर्च करावी लागते, म्हणजे चयापचय वाढतो. म्हणून वारंवार खाल्ले तर चयापचय सतत चढा राहील आणि वजन कमी होईल.’

दोन्ही ऐकताना पटतात. दोन्हींची सुरुवातीची विधाने स्थूलमानाने खरीही आहेत. आणि दोन्हींचे निष्कर्ष परस्परविरुद्ध आहेत! असे दिसले की समजावे, खोट उच्चारलेल्या विधानांत नसून न उच्चारलेल्या विधानांत असण्याचा संभव अधिक.

३. गृहीतक शोधण्याची रीत

वर्गात आम्ही ही रीत चार पायऱ्यांत शिकवतो.

पहिली पायरी : युक्तिवाद कागदावर लिहावा. कारणे वेगळी, निष्कर्ष वेगळा. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘अर्थात’ हे शब्द अधोरेखित करावेत. गृहीतक बहुधा या शब्दांच्या आडोशाला असते.

दुसरी पायरी : निष्कर्षात असा कोणता शब्द आहे की जो कारणांत मुळीच नव्हता, ते पाहावे. नवा शब्द आला, म्हणजे मध्ये कुठेतरी न सांगितलेला पूल आहे.

तिसरी पायरी : तो पूल वाक्यरूपाने लिहावा आणि मग ते वाक्य उलटून पाहावे. उलटल्यावर निष्कर्ष कोसळत असेल, तर ते या युक्तिवादाचे आवश्यक गृहीतक आहे. उलटूनही निष्कर्ष उभा राहत असेल, तर ते आपणच बोलणाऱ्याच्या तोंडी घातलेले आहे. ते सोडून द्यावे.

चौथी पायरी : सापडलेले गृहीतक खरे की खोटे, हे पुराव्यावरून ठरवावे. गृहीतक अध्याहृत असणे हा दोष नव्हे. आपण रोज शेकडो गोष्टी गृहीत धरूनच बोलतो. दोष असतो तो खोटे किंवा अर्धवट खरे गृहीतक तपासल्याविना स्वीकारण्यात.

आता पहिल्या युक्तिवादाला ही रीत लावू. कारणांत ‘इन्सुलिन’ आणि ‘चरबी साठणे’ आहे. निष्कर्षात ‘किती वेळा’ आणि ‘वजन’ हे शब्द नव्याने आले. म्हणजे निदान दोन पूल हवेत. एक : स्रवणारे एकूण इन्सुलिन मुख्यतः खाण्याच्या वेळांच्या संख्येवर अवलंबून असते, खाण्याच्या प्रमाणावर वा प्रकारावर नव्हे. दोन : साठलेली चरबी पुढे तेवढ्याच प्रमाणात खर्च होत नाही. पहिला पूल उलटून पाहा. मोठ्या जेवणानंतर इन्सुलिन लहान जेवणापेक्षा अधिक चढते आणि अधिक वेळ टिकते, असे असेल तर? तसे ते असतेच. मग केवळ वेळा मोजून भागत नाही. दुसरा पूलही तसाच. जेवणानंतर चरबी साठते हे खरे. पण दोन जेवणांच्या मध्ये आणि रात्री झोपेत शरीर त्याच साठ्यातून खर्च करते, हेही खरे. दिवसाअखेर शिल्लक किती राहिली, यावर वजन ठरते. बँकेच्या पासबुकात फक्त जमेचा रकाना वाचून शिल्लक कळत नाही, तसेच हे आहे.

दुसऱ्या युक्तिवादातही पूल आहे : पचनाचा खर्च खाण्याच्या वेळांवर अवलंबून असतो. थोडे गणित करू. मिश्र आहार पचवण्यासाठी शरीर खाल्लेल्या ऊर्जेच्या साधारण १० टक्के ऊर्जा खर्च करते. दिवसाचा आहार १८०० किलोकॅलरी असेल आणि तो दोन वेळांत ९००-९०० असा घेतला, तर प्रत्येक वेळी ९०, म्हणजे एकूण १८० किलोकॅलरी खर्च. तोच आहार सहा वेळांत ३००-३०० असा घेतला, तर प्रत्येक वेळी ३० आणि एकूण पुन्हा १८०. बेरीज तीच! म्हणजे केवळ वारंवार खाल्ल्याने चयापचय ‘चढा’ राहतो, हे म्हणणे या गणितात टिकत नाही.

मग दोन्ही पद्धती निरुपयोगी आहेत काय? असा निष्कर्ष काढणे, ही तर्कातील दुसरी घाई होय. युक्तिवाद लंगडा निघाला म्हणून त्याचा निष्कर्ष खोटा ठरत नाही; तो निष्कर्ष दुसऱ्या कारणाने खरा असू शकतो. दोनदाच जेवणारा माणूस मधला चहा-बिस्कीट, फरसाण आणि रात्री उशिराचे खाणे सोडतो आणि त्यामुळे त्याचे एकूण खाणे घटते. थोडे थोडे खाणारा माणूस कडकडून भूक लागू देत नाही आणि एका बैठकीत अधिक खाणे टाळतो. त्याचेही एकूण खाणे घटू शकते. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर केलेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. सर्वांना उष्मांक मोजून कमी आहार दिला होता. त्यांतील एका गटाने तो सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच घ्यायचा होता. वर्षाअखेर वेळेचे बंधन असलेल्या गटाचे वजन सरासरी ८ किलोने आणि दुसऱ्या गटाचे ६.३ किलोने घटले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. याउलट प्राग येथे मधुमेहाच्या ५४ रुग्णांवर केलेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेवढेच उष्मांक सहा वेळांऐवजी दोन वेळांत घेतल्यावर वजन काहीसे अधिक घटले. मात्र तेथील दोन जेवणे म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण होते, रात्रीचे जेवण नव्हे. पुराव्याचे स्वरूप असे असते. तो ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात क्वचितच बोलतो. कोणाला, किती आणि कोणत्या वेळी, या अटींसह बोलतो. सांगोवांगीत सर्वप्रथम या अटीच गळून पडतात.

४. ‘चयापचय मंदावला’

तिसरा युक्तिवाद उलट दिशेचा आहे : ‘कमी खाल्ले की शरीर उपासमारीच्या अवस्थेत जाते व चयापचय मंदावतो. म्हणून कमी खाल्ल्याने वजन उतरत नाही, उलट वाढते.’

यातले पहिले विधान निराधार नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ तरुणांनी स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी राहण्याच्या प्रयोगात भाग घेतला. त्यांचा चयापचय खरोखरच बराच मंदावला. अलीकडे, २०१६ साली, वजन घटवण्याच्या एका अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा सहा वर्षांनंतरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे घटलेले बरेचसे वजन परत आले होते. तरीही विश्रांतीतील त्यांचा ऊर्जाखर्च त्यांच्या शरीराच्या मानाने अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरींनी कमी होता. म्हणजे ‘इच्छाशक्ती नाही म्हणून वजन परत आले’ असे म्हणणारेही एक गृहीतक खपवत असतात : शरीर या लढतीत तटस्थ राहते. ते राहत नाही.

पण ‘म्हणून वजन वाढते’ या उडीत दोन गृहीतके आहेत. एक : मंदावणे म्हणजे थांबणे. दोन : एक वेळचे जेवण चुकणे आणि सहा महिने अर्धपोटी राहणे ही एकाच जातीची गोष्ट आहे. मिनेसोटातील त्या तरुणांचे वजन सरासरी सुमारे एक चतुर्थांश घटले होते. चयापचय मंदावला म्हणून ते वाढले नाही. विहिरीचा झरा मंदावला म्हणजे विहीर उलट भरू लागली, असे कुणी म्हणत नाही. येथे मात्र नेमके तसेच म्हटले जाते.

याच्याच शेजारचा आणखी एक युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो : ‘चाळिशी आली, चयापचय मंदावला, म्हणून पोट सुटले.’ २०२१ साली २९ देशांतील ६,४०० हून अधिक व्यक्तींच्या ऊर्जाखर्चाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शरीराचा आकार व घडण लक्षात घेता २० ते ६० या वयांत चयापचय जवळजवळ स्थिर आढळला. ठळक उतार साठीनंतरचा होता. मग चाळिशीत काय बदलते? सायकल जाऊन मोटारसायकल येते. बैलजोडीच्या जागी ट्रॅक्टर येतो, उभ्याचे काम बैठे होते, झोप कमी होते. युक्तिवादाने गृहीत धरले होते की चाळिशीत केवळ वयच बदलते. ते गृहीतक उघड केल्याबरोबर माणसाच्या हाती काहीतरी करण्याजोगे येते.

५. शेजाऱ्याचा अनुभव आणि ओले सरपण

सर्वांत प्रभावी युक्तिवाद शास्त्रीय भाषेत नसतो; तो शेजाऱ्याच्या शरीरावर दिसतो. ‘अमक्याने दोनदा जेवण सुरू केले, तीन महिन्यांत त्याचे वजन आठ किलोने उतरले, म्हणून दोनदा जेवल्याने वजन उतरते.’

येथे आपल्या तर्कपरंपरेतील दोन साधने उपयोगी पडतात. पहिले नैयायिकांचे : ‘उपाधी’. ‘जिथे अग्नी, तिथे धूर’ हा नियम खरा वाटतो. पण लोहाराच्या भट्टीतून काढलेल्या लालबुंद लोखंडात अग्नी असतो आणि धूर नसतो. का? धुरासाठी अग्नीबरोबर ओले इंधन लागते. ही न सांगितलेली अट म्हणजे उपाधी. शेजाऱ्याच्या उदाहरणात ओले सरपण कोणते? त्याने दोनदा जेवण सुरू केले, त्याच दिवसापासून तो रोज पाऊण तास चालू लागला. दिवसाला पाच कप गोड चहा होता, तोही सुटला. एका कपात दोन लहान चमचे साखर धरली, तरी दहा चमचे, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर, अर्थात १६० ते २०० किलोकॅलरी केवळ चहातून कमी झाल्या. वजन कशाने उतरले? कदाचित सर्वांनी मिळून. युक्तिवादाने मात्र गृहीत धरले की त्याच्या आयुष्यात एकच गोष्ट बदलली.

दुसरे साधन दिङ्नागाचे. त्याने चांगल्या हेतूची तीन लक्षणे सांगितली : तो हेतू ज्याच्याविषयी आपण बोलतो त्यात असावा, तशाच दुसऱ्या उदाहरणातही असावा, आणि विरुद्ध उदाहरणात नसावा. आपण बहुतेक वेळा पहिल्या दोन लक्षणांवर थांबतो. ज्यांचे वजन उतरले, त्यांनाच विचारतो. तिसरे लक्षण सांगते, वजन न उतरलेल्यांकडेही जा. त्यांच्यातही दोनदा जेवणारे कुणी आहेत काय? ते सहसा दिसत नाहीत. कारण पद्धत सोडून दिलेला माणूस आपला अनुभव गटावर पाठवत नाही. यशाची छायाचित्रे फिरतात, अपयश घरात बसते. ‘सर्वांनाच फायदा झाला’ या वाक्यातील ‘सर्व’ म्हणजे बोलते राहिलेले सर्व.

६. वजन म्हणजे चरबी?

एका गृहीतकाचा छडा तर महाराष्ट्रातच लागला. ‘मी बारीक आहे, म्हणून मला साखरेचा आजार होणार नाही.’ येथील पूल : वजन कमी म्हणजे चरबी कमी. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छायाचित्रासह मांडले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा : २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकाच रांगेत उभे करतो. शरीराची आतली घडण मात्र वेगळी. पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून माता व बालकांवर चाललेल्या याज्ञिक यांच्या अभ्यासातून भारतीय बालके जन्मतः हलकी असूनही तुलनेने अधिक चरबीची असतात, हेही पुढे आले. तेव्हा बारीक अंगकाठीच्या पालकांनी रक्तातील साखर तपासून घेण्यास कचरू नये. ‘आपल्याला काय होणार’ या वाक्यामागे उभे असलेले गृहीतक आपल्याच राज्यातील संशोधनाने खोडलेले आहे.

७. परंपरेचा दाखला

आमच्या परिवारात एक युक्तिवाद विशेष आदराने सांगितला जातो : ‘भिक्खू मध्यान्हानंतर जेवत नाहीत, म्हणून रात्री न जेवणे सर्वांच्याच प्रकृतीला हितकर.’ अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपणा सर्वांना हा दाखला जवळचा वाटतो, आणि म्हणूनच तो अधिक काळजीने तपासावा. पाली वाङ्मयात रात्रीचे भोजन टाळल्याने शरीर निरोगी व हलके राहते, असे म्हटलेले आहे. त्याच वाङ्मयात अंधारात भिक्षेस जाण्याच्या अडचणींचेही वर्णन आहे. म्हणजे नियमामागे एकाहून अधिक कारणे होती. शिवाय युक्तिवाद गृहीत धरतो की भिक्खूचा दिवस आणि गृहस्थाचा दिवस सारखाच आहे. दिवसभर कापूस वेचून सांजवेळी घरी आलेल्या मजुराचा दिवस तसा नसतो.

याच वाङ्मयात कोसलनरेश प्रसेनजिताची कथा आहे. तो द्रोणभर भात खाऊन धापा टाकत बुद्धांच्या भेटीस आला. पुढे जेवणाच्या वेळी आठवण करून देणारा एक तरुण त्याने नेमला आणि क्रमाक्रमाने तो नाळीभर भातावर आला. या कथेत राजाने वेळा बदलल्या नाहीत, प्रमाण बदलले. तेही एका दिवसात नव्हे, हळूहळू. दाखला द्यायचाच, तर त्यात नेमके काय मोजले आहे, हे पाहून द्यावा.

८. ऐकणारा कोण?

आतापर्यंतची गृहीतके शरीराविषयीची होती. सर्वांत खोल दडलेले गृहीतक मात्र ऐकणाऱ्याविषयीचे असते. आहाराचा सर्वसाधारण सल्ला एका विशिष्ट माणसाला उद्देशून असतो : प्रौढ, गरजेहून अधिक अन्न मिळणारा, बैठे काम करणारा, औषध न घेणारा. हा माणूस वाक्यात कुठेही नसतो. ‘इकडे ये’ मधल्या ‘तू’ सारखा तो अध्याहृत असतो. आणि सल्ला मात्र घरातील सर्वांच्या कानी पडतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के स्त्रिया अधिक वजनाच्या वा स्थूल आढळल्या, १८.७ टक्के स्त्रिया उंचीच्या मानाने कृश आढळल्या आणि ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. एकाच गल्लीत, कधी एकाच घरात, या तिन्ही अवस्था नांदतात. जिच्या ताटात आधीच शेवटची अर्धी भाकरी उरते, तिने ‘एक वेळ कमी’ करणे म्हणजे चरबी घटवणे नव्हे, रक्त घटवणे होय. वाढत्या वयाच्या मुला-मुलींचेही तसेच. आरशात पाहून न्याहारी सोडणारी पंधरा वर्षांची मुलगी जो युक्तिवाद मनात घोळवत असते, तो तिच्यासाठी रचलेला नसतो.

मधुमेही व्यक्तींबाबत तर धोका तातडीचा आहे. इन्सुलिनचे इंजेक्शन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी जेवणाचा हिशेब धरून ठरवलेली असते. औषध तेच ठेवून जेवण गाळले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते : दरदरून घाम, हातापायांची थरथर, छातीत धडधड, गोंधळलेले बोलणे आणि पुढे बेशुद्धी. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर ताबडतोब साखर किंवा साखरपाणी द्यावे. बेशुद्ध असल्यास तोंडात काही न घालता तातडीने रुग्णालयात न्यावे. जेवणाच्या वेळा बदलण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. दोन वेळांच्या आहाराच्या मोहिमेतही आधी तपासण्या करून घेण्यास सांगितले जाते. पण चौथ्या-पाचव्या तोंडातून ऐकणाऱ्याकडे ‘दोनदाच जेवा’ एवढेच पोहोचते.

म्हणून कोणताही सल्ला ऐकला की आधी एक प्रश्न विचारावा : हे सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण बसले आहे? तो मी आहे काय? माझी आई आहे काय? हा प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही, आणि तो विचारल्याने कुणाचा अनादरही होत नाही. शिक्षकांना, वडीलधाऱ्यांना आणि आम्हालाही तो जरूर विचारावा.

स्वाध्याय

पुढील युक्तिवाद घरातील मंडळींनी एकत्र बसून सोडवावेत. प्रत्येकातील न उच्चारलेले वाक्य लिहावे, ते उलटून पाहावे आणि मग ते खरे की खोटे, याची चर्चा करावी.

१. ‘आमचे आजोबा तूप-गूळ भरपूर खात आणि नव्वद वर्षे जगले, म्हणून तूप-गूळ अपायकारक नाही.’ (आजोबा दिवसाला किती चालत? त्यांच्या बरोबरीचे जे लवकर गेले, ते काय खात?)

२. ‘हे चूर्ण पूर्णपणे नैसर्गिक आहे, म्हणून ते निर्धोक आहे.’ (कण्हेर आणि धोतराही नैसर्गिकच आहेत.)

३. ‘पहिल्याच आठवड्यात तीन किलो वजन उतरले, म्हणून तीन किलो चरबी गेली.’ (शरीरातून आणखी काय बाहेर जाऊ शकते?)

४. ‘वसतिगृहातील मुले तीन वेळा जेवतात तरी बारीक असतात, म्हणून तीन वेळा जेवल्याने माणूस बारीक राहतो.’ (या मुलांचे वय काय आणि दिवसभर ती काय करतात?)

५. या लेखातील एखादा युक्तिवाद निवडा आणि त्यातील आमचे अध्याहृत गृहीतक शोधून काढा.